बोटाखालची मुंबई

महाराष्ट्राचा नकाशा मोबाइलच्या स्क्रीनवर बसवला की मुंबईचं काय होतं, त्याचा हिशोब आधी मांडते. राज्याची पूर्व-पश्चिम लांबी साधारण ८०० किलोमीटर. आपल्याकडच्या बऱ्याच अँड्रॉइड फोनवर वेबपेजला मिळणारी रुंदी ३६० पिक्सेलच्या आसपास. म्हणजे एका पिक्सेलला सव्वादोन किलोमीटर. मुंबई शहर आणि उपनगर मिळून जी चिंचोळी पट्टी आहे, ती या मापाने रुंदीला सहा-सात पिक्सेल आणि उंचीला अठरा-वीस पिक्सेल भरते. एवढ्याशा जागेत विधानसभेचे ३६ मतदारसंघ दाटीवाटीने बसलेले. तिकडे गडचिरोली जिल्हा चौदा हजार चौरस किलोमीटरहून मोठा आणि त्यात मतदारसंघ तीन. बोट लावायची कुठलीही जागा निदान ४८ बाय ४८ असावी, असं अँड्रॉइडच्या डिझाइनविषयीच्या सूचना सांगतात. मुंबईवर बोट टेकवलं तर मुंबईबरोबर ठाणं, कल्याण आणि पनवेलही त्याखाली जातं. अशा वेळी वाचकाला धारावी हवी होती की वडाळा, हे ब्राउझरने ओळखायचं कसं?

हा प्रश्न माझ्या पोटापाण्याचा आहे. मी पुण्यात बसून वेबसाइटी बनवते, आणि त्यातही बातम्यांच्या साइटींसाठी निवडणुकीचे नकाशे, पावसाचे आलेख, अर्थसंकल्पाच्या दिवशीचे तक्ते असली कामं जास्त. या कामाला ‘इंटरअॅक्टिव्ह ग्राफिक्स’ म्हणतात. छापील आलेख आपण नुसता बघतो. इथे वाचक काहीतरी करतो आणि चित्र त्याला उत्तर देतं. बोट लावलं की आकडा दिसतो, वर्ष सरकवलं की रंग बदलतात, दोन बोटं फाकवली की गाव जवळ येतं. या कलेचे बहुतेक नियम टेबलावरच्या मोठ्या स्क्रीनसमोर बसून ठरले, आणि आज ती बघितली जाते एसटीच्या खिडकीपाशी, एका हाताने, उन्हात. आमच्या कामातल्या निम्म्याअधिक कटकटी इथून सुरू होतात.

माउस गेला, हॉवर गेलं

माउसचा बाण एखाद्या जिल्ह्यावर नुसता नेला, क्लिक केलं नाही, तरी बाण तिथे आहे हे ब्राउझरला कळतं. याला ‘हॉवर’ म्हणतात. वेबवरच्या नकाशांची गंमत बरीचशी या हॉवरवर उभी होती. बाण फिरवत जायचं, प्रत्येक जिल्ह्यावर एक छोटी चौकट उघडायची, त्यात नाव, आकडा, टक्केवारी. बोटाला असं घुटमळता येत नाही. ते काचेला लागलेलं असतं किंवा नसतं. हवेतलं बोट फोनला दिसत नाही. शिवाय बाण ज्या ठिकाणाकडे दाखवतो ते उघडं राहतं, बोट मात्र नेमकं तेच झाकतं. मग ती चौकट बोटाच्या वर उघडावी, बाजूला उघडावी, की स्क्रीनच्या तळाशी एक कायमची पट्टी ठेवून मजकूर तिथे दाखवावा, यावर आमच्यात पोटतिडकीने वाद होतात. मी तळपट्टीच्या पक्षातली. डोळ्यांना जागा ठरलेली राहते, मजकूर बोटाखाली जात नाही आणि कोकणातला एखादा मतदारसंघ निवडला म्हणून चौकट स्क्रीनच्या डाव्या कडेला कापली जात नाही.

माउस आणि बोटाच्या या फरकाने एका अख्ख्या तंत्रज्ञानाची गच्छंती व्हायला हातभार लावला. माझ्या वयाच्या अनेकांनी वेबवरचं हलतं चित्र पहिल्यांदा पाहिलं ते फ्लॅशमध्ये. जोनाथन गे आणि सहकाऱ्यांनी बनवलेलं ‘फ्युचरस्प्लॅश अॅनिमेटर’ मॅक्रोमीडिया कंपनीने १९९६च्या अखेरीस विकत घेतलं, त्याचं नाव फ्लॅश ठेवलं, आणि २००५मध्ये ती कंपनीच अडोबीकडे गेली. सायबर कॅफेच्या त्या दिवसांत साइट उघडली की आधी ‘लोडिंग’ची पट्टी, मग संगीत, मग कुठून कुठून उडत येणारी अक्षरं आणि कोपऱ्यात ‘स्किप इंट्रो’. मीही क्लास लावून फ्लॅश शिकले होते. टप्पे खाणारा चेंडू खरा वाटावा म्हणून उन्हाळ्याची सुट्टी त्यात घालवली, आणि गती, वेळ, थांबा यांबद्दल तेव्हा जे शिकले ते आजही कामाला येतं.

२००७च्या पहिल्या आयफोनमध्ये फ्लॅश चालत नव्हतं. एप्रिल २०१०मध्ये स्टीव्ह जॉब्सने खुलं पत्र लिहून त्याची कारणं दिली. बॅटरी खातं, सुरक्षित नाही, एकाच कंपनीच्या मुठीत आहे वगैरे. त्यातलं एक कारण असं होतं की, फ्लॅशच्या साइटी माउसच्या बाणावर बेतलेल्या आहेत. बोटासाठी त्या नव्याने लिहाव्याच लागणार, मग त्या फ्लॅशमध्येच कशाला लिहायच्या? यामागे अॅपलचा स्वतःचा धंदाही होता, हे उघड आहे. पण बोटाचा मुद्दा बिनतोड होता. नोव्हेंबर २०११मध्ये अडोबीने मोबाइलवरच्या फ्लॅशचं काम थांबवलं, आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार कायमचा काढून घेतला.

तीन अवजारं

फ्लॅश गेलं तेव्हा त्याची जागा घेणारी अवजारं ब्राउझरमध्येच तयार होती. पहिलं एसव्हीजी, वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २००१मध्ये मान्य केलेलं. यात चित्र म्हणजे रेषांच्या सूचना. इथून निघा, तिथे वळा, आकार बंद करा, आत हिरवा भरा. प्रत्येक आकार ब्राउझरच्या ओळखीचा राहतो, त्यामुळे ‘जत मतदारसंघावर बोट लागलं का?’ हे त्याला थेट विचारता येतं. दुसरं कॅनव्हास, अॅपलने २००४मध्ये आपल्या मॅकवरच्या छोट्या उपकरणांसाठी आणलेलं. यात रंग भरला की ब्राउझर तो आकार विसरून जातो, उरतात नुसते पिक्सेल. कुठल्या पिक्सेलवर कोण राहतं याची वही आम्हाला ठेवावी लागते. तिसरं वेबजीएल, २०११चं. ते फोनच्या ग्राफिक्स चिपशी थेट बोलतं, पण त्या चिपला मुख्यतः त्रिकोणच समजतात, म्हणून डोंगर असो की अक्षर, सगळं त्रिकोणांत मोडून द्यावं लागतं.

यातलं कुठलं चांगलं, असं नवशिके विचारतात. उत्तर मोजणीत आहे. विधानसभेचे २८८ मतदारसंघ एसव्हीजीमध्ये मजेत चालतात. पण राज्यात मतदान केंद्रं एक लाखावर आहेत. प्रत्येक केंद्राचा एक ठिपका दाखवायचा म्हटला तर एसव्हीजीमध्ये फोन हँग होतो, कॅनव्हास कसंबसं ओढतं आणि वेबजीएलला त्याचं काही वाटत नाही. पुढे मात्र संपादक विचारतात की, त्या लाख ठिपक्यांतून वाचकाला नेमकं काय कळणार, आणि बहुतेक वेळा आम्ही मुकाट्याने २८८वर परत येतो.

किनारा किती बारीक हवा?

नकाशाची मूळ फाइल म्हणजे अक्षांश-रेखांशांची लांबच लांब यादी. सरकारी किंवा अभ्यासकांच्या फायलींत हे आकडे दशांश चिन्हानंतर सहा स्थळांपर्यंत दिलेले असतात. विषुववृत्तावर सहावं स्थळ म्हणजे साधारण ११ सेंटिमीटर. ज्या नकाशात एका पिक्सेलला सव्वादोन किलोमीटर जातात, तिथे ११ सेंटिमीटरचा तपशील पाठवणं म्हणजे वाचकाच्या डेटाची उधळपट्टी. म्हणून पहिलं काम बिंदू गाळण्याचं.

कुठले बिंदू गाळायचे, याची एक सुरेख रीत हल विद्यापीठातल्या महेस विश्वलिंगम आणि व्हायट यांनी १९९३मध्ये मांडली. रेषेवरचे लागोपाठचे तीन बिंदू घ्यायचे आणि त्यांचा त्रिकोण कल्पायचा. ज्या मधल्या बिंदूचा त्रिकोण सर्वांत लहान, तो बिंदू नजरेला फारसं काही देत नाही, म्हणून तो आधी काढायचा. मग पुन्हा मोजायचं, पुन्हा सर्वांत लहान काढायचा. असं करत गेलं की रत्नागिरीच्या खाड्यांचे बारीक दात झिजत जातात, पण किनारा ओळखू येत राहतो. थांबायचं कुठे, हे सूत्र सांगत नाही. मी स्लायडर सरकवत जाते आणि अलिबागजवळचा खाचखळगा ओळखू येईनासा झाला की एक पाऊल मागे येते.

अशा गाळणीत किती काही गळून जातं, ते अलीकडे सरकारी आकड्यांतही दिसलं. भारताचा किनारा कित्येक दशकं ७,५१६ किलोमीटर लांब असल्याचं आपण शाळेत पाठ केलं. नव्या मोजणीत तो ११,०९८ किलोमीटर झाला. समुद्र होता तिथेच आहे. पूर्वीपेक्षा कितीतरी बारीक प्रमाणाच्या नकाशावर मोजल्यामुळे आधी सरळ धरलेल्या खाड्या आणि वळणं मोजणीत आली. मी फोनसाठी नेमका याच्या उलट प्रवास करते.

दुसरी बचत सीमांची. साध्या फाइलमध्ये प्रत्येक मतदारसंघाची हद्द स्वतंत्र लिहिलेली असते, त्यामुळे दोन शेजाऱ्यांमधली रेषा दोनदा येते. दोन शेतांमधला बांध एकच, पण तो दोन्ही सातबाऱ्यांवर वेगवेगळा मोजून ठेवावा, तसा हा प्रकार. आणि त्यातून भांडणंही तशीच होतात. दोन्ही बाजू वेगवेगळ्या गाळल्या तर कधी मध्ये पांढरी फट पडते, कधी एक मतदारसंघ दुसऱ्यावर चढतो. डी३ या लोकप्रिय अवजाराचा कर्ता माइक बोस्टॉक याने टोपोजेसन नावाची रचना काढली, तिच्यात सामाईक रेषा एकदाच साठवली जाते आणि दोघे तिचा हवाला देतात. फाइल हलकी होते आणि गाळल्यावर फटी पडत नाहीत.

सोळा मिलिसेकंद

साध्या फोनची स्क्रीन सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगते. म्हणजे प्रत्येक चित्राला साधारण साडेसोळा मिलिसेकंद. बोट कुठे आहे ते बघणं, कुठला मतदारसंघ तो ठरवणं, रंग बदलणं, अक्षरांना जागा देणं, सगळं रंगवणं, हे त्या वेळात उरकायला हवं. ब्राउझरमध्ये यातली बरीचशी कामं एकाच रांगेत उभी असतात. रांगेत एखादं काम ऐंशी मिलिसेकंद अडकलं की बोट पुढे जातं आणि नकाशा मागून फरपटत येतो. वाचक ‘साइट अडकतेय’ म्हणतो, आणि त्याचं बरोबर असतं. १२० वेळा रंगणाऱ्या महागड्या फोनवर तर ही मुदत आठ मिलिसेकंदांवर येते, पण त्या फोनची चिपही तगडी असते.

माझ्या टेबलाच्या खणात जुने फोन आहेत. एकाची काच तडकलेली, एकाची बॅटरी फुगत आल्यामुळे तो फक्त चार्जर लावून चालतो, एकात २ जीबी रॅम आणि त्यातली बरीचशी फोन स्वतःच खातो. ऑफिसात मोठ्या लोकांच्या हातात नवा आयफोन असतो आणि बैठकीत ग्राफिक त्यावरच उघडून बघितलं जातं. ‘छान चालतंय की!’ मग मी खणातला फोन त्यांच्या हातात देते. चर्चा आपोआप मुद्द्यावर येते.

सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला, तेव्हा आमच्यापैकी अनेकांना वाटलं की आता वजनाची चिंता मिटली. पण डेटा स्वस्त झाल्याने फोनची चिप काही वेगवान होत नाही. दोनशे केबीचा फोटो आणि दोनशे केबीचा कोड उतरवायला सारखाच वेळ लागेल, पुढचं गणित वेगळं. फोटो उलगडून दाखवला की फोनचं काम संपतं. कोड मात्र वाचायचा, समजून घ्यायचा, मग चालवायचा, आणि हे सगळं त्या छोट्या चिपने. त्यात फोनला पंखा नसतो. मे महिन्याच्या दुपारी दहा मिनिटं त्रिमितीय नकाशा फिरवला की फोन तापतो आणि स्वतःला वाचवायला चिपचा वेग उतरवतो. सकाळी एसीत गुळगुळीत चाललेलं चित्र दुपारी सोलापुरात अडखळतं ते यामुळे. म्हणून माझी चाचणी फोन तापल्यावर सुरू होते.

शिरोरेषा तुटते तेव्हा

मराठीसाठी काम करताना आणखी एक मजला चढावा लागतो. ही अवजारं बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर रोमन लिपी असते, जिथे एक अक्षर म्हणजे एक खूण आणि ती शेजारणीला चिकटलेली नसते. देवनागरीत ‘क्षेत्र’ हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो. कॉम्प्युटरला तो सात खुणांचा वाटतो: क, हलन्त, ष, एकाराची मात्रा, त, हलन्त, र. आता अक्षरं एकेक करून टाइप होत असल्याचा जो परिणाम असतो, तो रोमनसाठी लिहिलेल्या कोडने यावर चालवून बघा. आधी क, मग पाय मोडलेला क्, मग क्ष, मग क्षे, मग क्षेत, असं करत शब्द वाचकासमोर लंगडत येतो. अक्षरं सुटी करून उडवायची असतील तर आणखी फजिती. मात्रा एकटी पडली की तिच्याखाली ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. शब्दाचे तुकडे माणूस पाडतो तसे कसे पाडावेत, याचे नियम युनिकोडमध्ये आहेत, पण जोडाक्षर एकत्र ठेवण्याचा नियम त्यात आला तो २०२३च्या १५.१ आवृत्तीत. जुन्या फोनवरचे ब्राउझर अजून जोडाक्षरं हलन्तापाशी मोडतात.

इंग्रजी डिझाइनमध्ये मथळा ऐसपैस दिसावा म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवतात. तीच सेटिंग मराठीला लागली की शिरोरेषेचे तुकडे होतात. जिल्ह्याचं नाव नदीसारखं वळणावर लिहायला जा, तरी तेच. मी देवनागरीपुरतं हे सगळं बंद करते आणि उठाव हवा असेल तर जाड अक्षर किंवा रंग वापरते. पेज मराठीत आहे हे कोडमध्ये नीट सांगणंही गरजेचं असतं. तसं सांगितलं आणि फाँट चांगला असला, तर ‘ल’ आणि ‘श’ आपल्या मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. आकड्यांसाठीही ब्राउझरला मराठी म्हटलं की तो स्वतःहून देवनागरी अंक काढतो आणि स्वल्पविराम लाख-कोटींच्या हिशोबाने टाकतो. ही सोय फुकट आहे, तरी मराठी साइटींवर मिलियनच्या पद्धतीने तोडलेले आकडे सर्रास दिसतात.

बोट न लावणारा वाचक

एवढी यातायात करून बनवलेल्या बटणांना किती जण हात लावतात? ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या ग्राफिक्स विभागातले आर्ची त्से यांनी २०१६मध्ये स्पेनमधल्या मालोफिए परिषदेत आमच्या बिरादरीला थंड पाण्याची आंघोळ घातली. वाचकाला फक्त पेज खाली सरकवायचं असतं, त्याहून जास्त काही करायला लावणार असाल तर त्या बदल्यात तसंच काही जबरदस्त घडलं पाहिजे, आणि बोट लावल्यावर उघडणारी चौकट कुणी बघणारच नाही असं धरून चाला, असा त्यांच्या भाषणाचा गोषवारा. ज्या वर्तमानपत्राने डिसेंबर २०१२मध्ये ‘स्नो फॉल’ हा लेख काढून पसरट, हलत्या गोष्टींची लाट आणली, त्याच घरातून हे बोल आले होते.

मला ते पटलं, कारण मी लोकांना फोन वापरताना बघते. अंगठा वर-खाली जातो, बस्स. म्हणूनच नकाशा पेजच्या मधोमध ठेवला की वैताग होतो. वाचकाला पेज सरकवायचं असतं, अंगठा नकाशावर पडतो आणि पेजऐवजी महाराष्ट्र सरकतो. गूगल मॅप्सने दुसऱ्यांच्या साइटवर घातलेल्या नकाशांसाठी यावर तोडगा काढला: एका बोटाने पेज सरकेल, नकाशासाठी दोन बोटं वापरा. मी बातमीतल्या नकाशाला बहुधा सरकूच देत नाही. अंगठा जी एक गोष्ट करतो तिच्यावरच सगळं बेतते. पेज खाली जातं तसा आधी राज्याचा नकाशा, मग विदर्भ, मग त्यातले तीन मतदारसंघ, असं चित्र आपणहून बदलत जातं.

मार्च २०२०मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये हॅरी स्टीव्हन्सने साथ कशी पसरते ते दाखवणारं ग्राफिक केलं होतं. चौकटीत ठिपके हिंडतायत, एकमेकांवर आपटतायत, आजारी ठिपका निरोग्याला लागला की त्याचा रंग बदलतो. लोक घरी थांबले की ठिपके थांबतात आणि आलेखाचा डोंगर बुटका होतो. त्यात वाचकाला काहीच करायचं नव्हतं. पण प्रत्येक वेळी ठिपके नव्याने आपटत, त्यामुळे कुणालाही हुबेहूब तोच आलेख पुन्हा दिसत नसे. कोडची ताकद बटणात न घालवता चित्रातच घातली होती. त्याच काळात आपल्याकडे स्वयंसेवकांनी चालवलेल्या ‘कोविड१९इंडिया’ या साइटवर मात्र लोक आवर्जून बोट लावत. कारण तिथे प्रत्येकाला आपला जिल्हा बघायचा होता. बोटाला काय मिळणार हे आधीच ठाऊक असलं की लोक हात लावतात.

मग २८८चं काय?

नकाशावर मोठा दिसणारा भाग महत्त्वाचाही वाटतो, ही नकाशाची जुनी खोड. नेहमीच्या नकाशात मुंबई क्षेत्रफळाने हजारात दोन भाग, आणि विधानसभेत मात्र आठवा हिस्सा. म्हणून आम्ही प्रत्येक मतदारसंघाला सारख्या आकाराचा एकेक षटकोन देतो. मुंबईचे ३६ षटकोन मग ठसठशीत दिसतात आणि गडचिरोलीचे तीन तेवढेच राहतात. किंमतही मोजावी लागते. किनारा हरवतो, शेजारी हलतात, आपला तालुका पटकन ओळखू येत नाही. म्हणून दोन्ही नकाशे एकाखाली एक ठेवते.

तरी बोटाचा प्रश्न उरतोच, कारण ३६० पिक्सेलमध्ये प्रत्येक षटकोनाला अठरा पिक्सेलच येतात. म्हणून त्यावर नेम धरायला मी सांगतच नाही. बोट नकाशावर कुठेही ठेवा आणि फिरवा, बोटाच्या सर्वांत जवळचा षटकोन उजळतो आणि तळपट्टीवर त्याचा निकाल येतो. ज्यांना नेमकं ठिकाण हवंय त्यांच्यासाठी वर शोधाचा खोका, आणि कोकण, नाशिक, पुणे, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर अशा सहा विभागांची अंगठ्याला पुरतील एवढी मोठी बटणं. खाली साधा तक्ता, कारण फोनकडून मजकूर वाचून घेणाऱ्या दृष्टिहीन वाचकाला नकाशाचा उपयोग नाही, तक्त्याचा आहे.

२३ नोव्हेंबर २०२४च्या निकालाला सकाळीच जतहून मामाचा फोन आला.

“अगं, तुझ्या ह्या नकाशात आपलं जत कुठंय?”

“मामा, वर खोका आहे बघा. त्यात नाव टाका.”

“मराठीत टाकू का इंग्रजीत?”

“कसंही टाका.”

त्यांनी टाकलं, सापडलं. ‘जत’ देवनागरीत, रोमनमध्ये शेवटी ‘टी’ लावून किंवा ‘टीएच’ लावून, लोक सगळं लिहितात, म्हणून प्रत्येक नावाची अशी टोपणनावं आधीच भरून ठेवलेली असतात. २८८ नावांसाठी हे हाताने करायला कंटाळा येतो. पण त्या दिवशी नकाशापेक्षा त्या खोक्याचा उपयोग जास्त झाला असेल, असं मला वाटतं. मामांची तक्रार वेगळीच होती. “खालच्या यादीत आमचं नाव कायम शेवटी का?” कारण निवडणूक आयोगाच्या क्रमांकांत अक्कलकुवा पहिलं आणि जत २८८वं. त्यावर माझ्याकडे कोड नव्हता.

थोड्या वेळाने त्यांनी त्या निकालाचा स्क्रीनशॉट नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. आमच्या चित्रांचा खरा प्रवास असा होतो. साइटवर ज्यांनी बघितलं, त्यातले काही जण फोटो काढून पुढे पाठवतात, आणि तिथून पुढे बोट लावून काही होत नाही. स्लायडर मेलेला, चौकट बंद, खोका नुसता चितारलेला. तरीही चित्रातून कोण जिंकलं, कुठलं ठिकाण, केव्हाचे आकडे, हे कळलं पाहिजे. म्हणून मथळ्यातच उत्तर असावं, वेळ आणि तारीख चित्राच्या आत असावी, रंगांचा अर्थ चित्राला लागून लिहिलेला असावा, आणि लाल-हिरव्यात फरक न दिसणाऱ्या माणसालाही तो कळावा, यासाठी मी भांडते.

२०२४पासून अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये वेबजीपीयू आलं आहे आणि फोनच्या ग्राफिक्स चिपची ताकद वेबला आणखी मोकळेपणी मिळू लागली आहे. उद्या लाखभर मतदान केंद्रांचे ठिपके खणातला फोनही हसत हसत दाखवेल. ते करायला मला मजाच येईल. पण शिकाऊ मुलं हौसेने नवं काही दाखवायला आली की मी आधी स्क्रीनशॉट मागते, आणि तो विषय माहीत नसलेल्या कुणाला तरी एक शब्दही न लिहिता पाठवायला सांगते. त्या माणसाने दोन वाक्यांत चित्राचा अर्थ परत सांगितला, तर बोटासाठी आणखी काय ठेवायचं ते आम्ही बसून ठरवतो. नाही सांगता आला, तर दुरुस्ती चित्रात करायची, बटण वाढवायचं नाही.